लंडन आणि गव्हर्नर: अशांततेच्या काळातला सरकारी पत्रव्यवहार कसा वाचावा

२७ जानेवारी १७७५ रोजी लंडनमध्ये वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथ यांनी एक गुप्त पत्र लिहिलं. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर आणि उत्तर अमेरिकेतले ब्रिटिश सरसेनापती जनरल टॉमस गेज यांच्या हाती ते बोस्टनमध्ये पडलं १४ एप्रिलला. १८ एप्रिलच्या रात्री गेज यांची तुकडी बोस्टनजवळच्या कॉन्कर्ड गावाकडे निघाली, १९ तारखेच्या पहाटे लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. ही हकीकत सहसा अशी सांगतात: लंडनने हुकूम सोडला, गेजनी तो पाळला, युद्ध पेटलं. मूळ पत्र समोर घेऊन बसलं की हा हुकूम नेमका होता कशाचा, आणि पाळला गेला तो कुठला, हे दोन्ही प्रश्न उभे राहतात.

असे कागद आता घरबसल्या मिळतात. छापील खंड आहेत, अभिलेखागारांची संकेतस्थळं आहेत. अडचण वाचण्याची आहे. इंग्रजी समजतं, पण पत्र समजत नाही, असं नव्याने या कागदांकडे वळणाऱ्यांचं होतं. त्यांच्यासाठी ही कामाची पद्धत लिहितो आहे. मुख्य उदाहरण बोस्टनचं घेतो, अधूनमधून जमैका, पुणे आणि १९४२ सालच्या दिल्लीकडे जाऊ.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दंगल, बंड, असंतोष यांच्या काळातलं सरकारी पत्र लिहिणारा माणूस उद्या होऊ शकणाऱ्या चौकशीची तयारी करत असतो. लंडनचा मंत्री असो की बोटीतून दोन महिने लांब बसलेला गव्हर्नर, दोघांनाही ठाऊक असतं की हा कागद कधीतरी पार्लमेंटच्या टेबलावर येईल. त्यामुळे ‘काय घडलं’ हे शोधण्याआधी ‘जबाबदारी कुणाच्या अंगावर ढकलली आहे’ हे शोधायला लागावं. निम्मं काम तिथे होतं.

आधी हातातला कागद कुठला ते ठरवा

एकाच पत्राची चार-पाच रूपं असू शकतात. मंत्र्याच्या कचेरीतला खाडाखोडीचा मसुदा, जावक वहीत उतरवून घेतलेली नक्कल, प्रत्यक्ष सही होऊन गेलेलं पत्र, बोट बुडाली तर अडू नये म्हणून दुसऱ्या जहाजावरून पाठवलेली दुय्यम प्रत, आणि पुढे पार्लमेंटसाठी छापलेला मजकूर. डार्टमथ यांच्या त्या पत्राचंच बघा: १४ एप्रिलला पोचली ती दुय्यम प्रत. मूळ पत्र वेगळ्या जहाजावरून दोन दिवसांनी आलं.

सगळ्यांत जपून वापरायची ती छापील प्रत. पार्लमेंटपुढे कागद ठेवताना सरकार निवड करतं. पत्राच्या डोक्यावर ‘प्रत’ असं असेल तर मजकूर पुरा असण्याची शक्यता जास्त. ‘उतारा’ असं असेल तर काहीतरी गाळलं आहे, हे धरूनच चालावं. काय गाळलं, हे मूळ दप्तराशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. बातमी देणाऱ्या खबऱ्याचं नाव गाळलं असेल, तसाच सरकारला अडचणीचा परिच्छेदही गाळला असेल. गुप्त तारांचं आणखी एक दुखणं आहे. शब्दशः मजकूर छापला तर सांकेतिक लिपी फुटण्याची भीती, म्हणून प्रसिद्ध करताना वाक्यं फिरवून लिहीत. अशा छापील तारेतल्या एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा करू नये.

तारखांचं कोष्टक: या पायरीला घाई नको

प्रत्येक पत्रासाठी वहीत एक ओळ आखा. पत्र लिहिल्याची तारीख, प्रत्यक्ष रवाना झाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, उत्तराची तारीख. एवढं बहुतेक जण करतात. पाचवा रकाना मात्र राहून जातो आणि तोच महत्त्वाचा: हे पत्र लिहिताना लिहिणाऱ्याला पलीकडची शेवटची कुठली बातमी ठाऊक होती?

शिडाच्या जहाजांच्या काळात अटलांटिकवर वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात, म्हणून अमेरिकेतून इंग्लंडला पत्र लवकर पोचे आणि इंग्लंडहून अमेरिकेला जायला जास्त वेळ लागे. लंडनला गव्हर्नरची कैफियत महिन्या-सव्वामहिन्यात कळे. गव्हर्नरला लंडनचा निर्णय कळायला त्याहून उशीर. त्यात कचेरीतला उशीर वेगळा. डार्टमथ यांचं पत्र लिहून झाल्यावरही कित्येक आठवडे इंग्लंडमध्येच अडकून होतं. म्हणजे वरची तारीख २७ जानेवारी असली तरी ते वाचताना ‘जानेवारीत लंडनला जे वाटत होतं ते गेजना एप्रिलच्या मध्यावर कळलं’ असं वाचायला हवं. आणि जानेवारीत लंडनला जे वाटत होतं, ते गेजनी आदल्या शरदात लिहिलेल्या पत्रांवरून. सहा महिन्यांपूर्वीच्या बोस्टनला दिलेलं हे उत्तर आहे.

लेक्सिंग्टननंतरचं कोष्टक तर जसंच्या तसं इथे देतो, कारण त्यावरून ही पद्धत काय दाखवते ते दिसतं.

१८ एप्रिल: लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथ यांना गेज यांचा लेखी हुकूम.
१९ एप्रिल: लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड. ब्रिटिशांचे ७३ ठार, १७४ जखमी, २६ बेपत्ता.
२२ एप्रिल: गेज यांचा डार्टमथ यांना अहवाल. तो ‘सूकी’ नावाच्या मालवाहू जहाजावरून निघाला.
‘सूकी’ निघाल्यावर चार दिवसांनी: मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे गव्हर्नरला न जुमानता भरलेल्या वसाहतीच्या प्रतिनिधिसभेने, जॉन डर्बी या खलाशाला ‘क्वेरो’ या हलक्या, रिकाम्या गलबतातून रवाना केलं. बरोबर प्रत्यक्षदर्शींची प्रतिज्ञापत्रं आणि आपल्या बाजूची हकीकत.
२८ मे: डर्बी लंडनमध्ये.
३० मे: आपल्याकडे अमेरिकेतून काहीही माहिती आलेली नाही, असा डार्टमथ यांच्या कचेरीचा जाहीर खुलासा.
१ जून: डार्टमथ यांचं गेजना पत्र. बातमी इथे छापून आली, तुमच्याकडून मात्र काही नाही, हे फार खेदाचं आहे, असा सूर.
जूनचा दुसरा आठवडा: गेज यांचा अहवाल अखेर लंडनला.

चार दिवस उशिरा निघालेली बंडखोरांची हकीकत सरकारी अहवालाच्या जवळजवळ दोन आठवडे आधी पोचली. तोवर लंडनच्या वर्तमानपत्रांनी पहिली गोळी कुणी झाडली याचा निकाल अमेरिकनांच्या प्रतिज्ञापत्रांवरून लावून टाकला होता. गेज यांचा अहवाल सुटा वाचला तर तो एका सेनापतीचा कोरडा वृत्तांत वाटतो. कोष्टकात बसवला की कळतं, तो पोचला तेव्हा त्याला खुलाशाचं रूप आलं होतं. लिहिताना गेजना याची कल्पनाही नसणार.

तारायंत्र आल्यावर हा खेळ बदलला. मेरठचा उठाव १० मे १८५७ रोजी झाला आणि लंडनला त्याची बातमी जूनच्या अखेरीस मिळाली. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला येऊन पोचली आणि महिन्यांचे तास झाले. तेव्हापासून पाचव्या रकान्यात दिवसाबरोबर वेळही लिहावी. तारेने गव्हर्नरचा एक मोठा आधार काढून घेतला: ‘आपल्याला विचारायला वेळ नव्हता’ हे आता म्हणता येईना.

कोण कुणाला लिहितो आहे, आणि दुसरं कुणाला काय लिहितो आहे

पुढचं काम, पत्राची वाट काढणं. गेज गव्हर्नर म्हणून डार्टमथना लिहीत आणि सरसेनापती म्हणून युद्धखात्याचे सचिव लॉर्ड बॅरिंग्टन यांनाही लिहीत. दोन्ही पत्रं शेजारी ठेवा. नोव्हेंबर १७७४ मध्ये बॅरिंग्टनना त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की दहा हजार माणसं पुरतील असं वाटत असेल तर वीस हजार पाठवा, दहा लाख पाउंड पुरेसे वाटत असतील तर वीस लाख द्या. शेवटी रक्त आणि पैसा दोन्ही वाचतील. मंत्र्याला लिहिताना शब्द जास्त तोलून असतात. बॅरिंग्टन जुने स्नेही, त्यांच्याजवळ माणूस मन मोकळं करतो.

आणि आणखी मागे जा. त्याच गेजनी फेब्रुवारी १७७४ मध्ये, बोस्टनला जाण्याआधी, राजे तिसरे जॉर्ज यांना भेटून सांगितलं होतं की आपण कोकरं झालो तर ते लोक सिंह होतील, पण खंबीरपणा दाखवला तर ते नरम पडतील. चार पलटणी पुरेत. राजांनी हे लगोलग पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना लिहून कळवलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आता वर्षभरात चार पलटणींवरून वीस हजारांवर गेलेला हा माणूस लंडनला कसा वाटला असेल? नोव्हेंबरात राजे नॉर्थना लिहितात की न्यू इंग्लंडचे प्रांत बंडाच्या स्थितीत आहेत, आता ठोशांनीच काय तो निकाल लागायचा. डार्टमथ यांच्या जानेवारीच्या पत्रातला अधीर सूर इथून आला. गव्हर्नरचं आजचं पत्र वाचताना त्यानेच आधी काय सांगून ठेवलं आहे ते काढा.

हिंदुस्थानात ही वाट जास्त लांब. कलेक्टर, कमिशनर, मुंबई सरकारचा सचिव, गव्हर्नर, मग दिल्ली किंवा सिमल्याचं गृहखातं, व्हाइसरॉय, आणि शेवटी लंडनचे भारतमंत्री. दर टप्प्यावर मजकूर आखडतो आणि सूर सरळ होत जातो. मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांना मात्र भारतमंत्र्यांशी थेट पत्रव्यवहाराचा हक्क होता. त्यामुळे मुंबईच्या बाबतीत दोन वाटा तपासाव्या लागतात.

पत्राच्या डोक्यावरच्या खुणा विसरू नयेत. अनुक्रमांक असेल तर ते नेमाने दप्तरात जाणारं पत्र. ‘स्वतंत्र’, ‘गुप्त’, ‘खाजगी’ अशा खुणा असतील तर ते वेगळ्या बस्त्यात गेलं. क्रमांकांत खंड पडला असेल, तर मधलं पत्र हरवलं की मुद्दाम वेगळं काढलं, याचा शोध घ्यावा. शेवटची ‘आपला अत्यंत आज्ञाधारक आणि नम्र सेवक’ ही ओळ सोडून द्या. हाडवैरीही एकमेकांना हेच लिहीत.

पत्राचा गाभा: सूचना, पळवाट आणि दोष

आता डार्टमथ यांचं पत्र हळूहळू वाचू. गेजनी मागितलेली वीस हजारांच्या घरातली फौज द्यायची तर युद्धपातळीवर भरती करावी लागेल, आणि गोष्टी त्या थराला गेल्या आहेत असं मानायला मी तयार नाही, असं मंत्री लिहितात. म्हणजे मागणी नाकारली, आणि नाकारताना गव्हर्नरच्या अंदाजावर शंका घेतली. प्रतिकार करणारे लोक म्हणजे ना योजना, ना मेळ, ना शिस्त असलेला गावंढळ जमाव, असंही म्हणतात. बोस्टन कधीही न पाहिलेला माणूस बोस्टनमध्ये बसलेल्या सेनापतीला हे सांगतो आहे. थोडी लहान फौज आत्ताच वापरली तर उद्याच्या मोठ्या फौजेपेक्षा तिला यश येण्याची शक्यता जास्त, हा पुढचा युक्तिवाद. मग सूचना: राजसत्ता पुन्हा बसवायची तर पहिलं आवश्यक पाऊल म्हणजे प्रांतिक काँग्रेसमधल्या म्होरक्यांना अटक करून तुरुंगात टाकणं. यातून लढाई पेटली तरी बंड पिकण्याआधी ती आत्ता झालेली बरी, हेही लिहिलेलं आहे.

इतकं झाल्यावर ते वाक्य येतं, जे अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठेतरी असतं: एवढं सगळं म्हटलं तरी हे करायचं की नाही, हे सर्व परिस्थिती तोलून, दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे पाहून, तुमच्या विवेकावर सोडलेलं आहे.

पेन्सिल घ्या आणि पत्रातली वाक्यं तीन खुणांनी वेगळी करा: सूचना, पळवाट, दोषारोप. डार्टमथ यांच्या पत्रात तिन्ही एकमेकांना टेकून उभी आहेत. काही केलं नाही तर गव्हर्नर भित्रा. केलं आणि फसलं तर निर्णय गव्हर्नरचा. केलं आणि जमलं तर सूचना मंत्र्यांची. याला दुटप्पीपणा म्हणायचा मोह होतो, पण दोन महिन्यांच्या अंतरावरून राज्य चालवायचं तर तपशील जागेवरच्या माणसावर सोडावाच लागतो. प्रामाणिक सोय आणि स्वतःचा बचाव एकाच वाक्यात नांदतात. एकीला खरी आणि दुसऱ्याला खोटं ठरवत बसू नये.

यानंतर लगेच कृती तपासायची. गेजनी स्मिथना दिलेला १८ एप्रिलचा हुकूम उपलब्ध आहे. कॉन्कर्डला गुपचूप आणि होता होईल तितक्या लवकर जा. तिथला तोफखाना, दारूगोळा, शिधा, तंबू जप्त करून नष्ट करा. तोफांच्या खुंट्या फोडायच्या. बंदुकीची दारू आणि पीठ नदीत टाकायचं. शिशाच्या गोळ्या शिपायांनी खिशात भरायच्या आणि वाटेत थोड्या थोड्या तळ्यांत, चरांत फेकायच्या. लोकांच्या मालमत्तेला धक्का लागता कामा नये. शेवटपर्यंत वाचा. कुणालाही अटक करण्याचा त्यात उल्लेख नाही. सॅम्युअल ॲडम्स आणि जॉन हॅनकॉक हे काँग्रेसचे म्होरके त्या रात्री लेक्सिंग्टनमध्येच होते, फौजेच्या वाटेवर.

म्हणजे मंत्र्याने जे पहिलं आवश्यक पाऊल सांगितलं तेच गव्हर्नरने वगळलं, आणि शस्त्रसाठ्याच्या जप्तीचं आपलं काम केलं. माझ्या मते त्या पळवाटेच्या वाक्याचा उपयोग इथे गेजनी करून घेतला. लंडनला ‘काही केलं’ हे दाखवता येईल, आणि माणसं पकडण्यापेक्षा माल पकडणं कमी भडक ठरेल, असा त्यांचा हिशेब दिसतो. तो चुकला, हा भाग निराळा.

सहपत्रं आधी वाचा

गेज यांचा २२ एप्रिलचा अहवाल छोटा आहे. त्याला जोडलेले स्मिथ आणि त्यांच्या मदतीला गेलेल्या तुकडीचे प्रमुख लॉर्ड पर्सी यांचे अहवाल जास्त बोलके आहेत, कारण ते त्या रस्त्यावर होते. हे सर्वत्र खरं आहे. गव्हर्नरचं पत्र म्हणजे गोषवारा. खालच्या अधिकाऱ्याची टिपणं, पकडलेली हस्तपत्रकं, साक्षी, अर्ज हे सगळं सहपत्रांत. छापील खंडांत जागा वाचवायला नेमकी सहपत्रंच गाळतात. ‘सहपत्र छापलेलं नाही’ अशी टीप दिसली की मूळ नस्ती (फाइल) मागवायची, अशी सवय लावून घ्यावी. मग गोषवारा आणि सहपत्र यांतला फरक काढायचा: पोलिस अधिकाऱ्याने ‘शंभरेक लोक’ लिहिले असतील आणि वर जाता जाता त्याचा ‘मोठा हिंसक जमाव’ झाला असेल, तर तो बदल कुठल्या टेबलावर झाला?

मंत्र्याच्या कचेरीतले शेरे

एकोणिसाव्या शतकातल्या वसाहत खात्याच्या नस्त्या या बाबतीत खजिना आहेत. गव्हर्नरचं पत्र आलं की त्याच्या पाठीवर किंवा जोडकागदावर कारकून टिपण लिही, मग वरचा अधिकारी शेरा मारी, मग मंत्री. त्यानंतर उत्तराचा मसुदा, त्यावर खाडाखोड, मग शुद्ध प्रत. गव्हर्नरला फक्त शुद्ध प्रत दिसे. तुम्हाला सगळं दिसतं. मसुद्यात खोडलेली वाक्यं वेगळी लिहून घ्या.

उत्तर एकच नसतं, हेही ध्यानात असू द्या. जमैकात ११ ऑक्टोबर १८६५ ला मोरांट बे इथे उठाव झाला. गव्हर्नर एडवर्ड आयर यांनी लष्करी कायदा पुकारून तो चिरडला. जॉर्ज विल्यम गॉर्डन या विधिमंडळाच्या सभासदाला किंग्स्टनमध्ये, म्हणजे लष्करी कायदा लागू नसलेल्या जागी, पकडून मोरांट बेला नेलं आणि २३ ऑक्टोबरला फाशी दिलं. वसाहतमंत्री एडवर्ड कार्डवेल यांच्या पहिल्या उत्तरात आयर यांच्या तडफेचं कौतुक आहे. पुढच्या पत्रांत प्रश्न सुरू होतात. मग चौकशी आयोग, आयर यांची गच्छंती, आणि आयोगाचा आकडा: ४३९ मृत्यू, ६०० जणांना फटके, हजार घरं जाळलेली. नुसतं पहिलं उत्तर उचललं तर लंडनने पाठीशी घातलं असं लिहाल, नुसतं शेवटचं उचललं तर लंडन न्यायी होतं असं लिहाल. मधल्या आठवड्यांत बदल का झाला, तर इंग्लंडमध्ये बातम्या पसरल्या आणि लोक रस्त्यावर आले. उत्तरांची साखळी पुरी लावल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

खाजगी पत्रं आणि फुटलेली पत्रं

सरकारी पत्रात जे लिहिता येत नाही ते खाजगीत लिहितात, आणि तेच फुटतं. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्ड यांची मंत्र्यांना लिहिलेली पत्रं १७६९ मध्ये बोस्टनला पोचून छापली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते इंग्लंडला निघून गेले. त्यांच्या जागी आलेल्या टॉमस हचिन्सन यांची जुनी खाजगी पत्रं बेंजामिन फ्रँकलिन यांनी बोस्टनला धाडली, १७७३ मध्ये ती छापली गेली आणि गहजब झाला. इंग्रजी म्हणवल्या जाणाऱ्या स्वातंत्र्यांत काही काटछाट व्हायलाच हवी, असं त्यात होतं.

फुटीच्या आधीची आणि नंतरची पत्रं वेगळी वाचावी लागतात. आपली पत्रं गल्लीत वाचली जातात हे कळल्यावर गव्हर्नर नावं लिहायचं टाळतो, मतं आवरतो. त्यानंतरच्या मवाळ पत्रावरून तो मवाळ झाला असं समजू नये.

जाहीर बोलणं शेजारी ठेवा

इथे १९४२ सालचं उदाहरण पुरेसं आहे. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव, ९ च्या पहाटे धरपकड, आणि मग देशभर उद्रेक. ३१ ऑगस्टला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो चर्चिलना तारेने कळवतात की १८५७ नंतरच्या सर्वांत गंभीर बंडाला आपण तोंड देत आहोत आणि त्याचं गांभीर्य व व्याप्ती लष्करी सुरक्षेसाठी आजवर जगापासून लपवली आहे. १० सप्टेंबरला चर्चिल कॉमन्स सभागृहात सांगतात की एवढ्या विशाल देशात पाचशेहून कमी माणसं मेली आणि हिंदुस्थानातल्या स्थितीमुळे अकारण घाबरून जायचं कारण नाही. मध्ये दहा दिवस. दोन कागद शेजारी ठेवले की भाष्याची गरज उरत नाही.

उलट प्रकारही असतो: मंत्र्याला खरंच कितपत ठाऊक होतं? जालियनवाला बागेतला गोळीबार १३ एप्रिल १९१९ चा. डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू म्हणाले की तपशील आपल्याला वर्तमानपत्रांतूनच कळला; पंजाबचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर यांचं म्हणणं, मी लंडनला आल्यावर त्यांना सगळं सांगितलं होतं. तोंडी भेटी पत्रव्यवहारात दिसत नाहीत. ओडवायर लंडनला कधी पोचले, कुणाला भेटले, हे कोष्टकात नसेल तर तुमचं कोष्टक फसवं आहे.

चौकशी कुणी केली ते बघा

पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये वॉल्टर रँड यांच्या समितीखाली गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या झाल्या. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी स्त्रियांवरच्या अत्याचारांचा आरोप तिथल्या वर्तमानपत्रात मांडला. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना विचारणा केली, आणि मुंबईहून उत्तर आलं की हा आरोप म्हणजे दुष्ट हेतूने रचलेली कंडी आहे. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं उघड करता येईनात. परतल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली होतीच, पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला.

अशी ‘सर्व खोटं आहे’ म्हणणारी तार हाती आली की तिच्या खालचे कागद मागा. चौकशी ज्या यंत्रणेवर आरोप आहे तिनेच केली का? किती दिवसांत? आणि सोल्जर दारात असताना कोणती बाई नावानिशी जबानी द्यायला पुढे येणार होती? तार खोटी ठरवायला हे पुरेसं नाही, खरी मानायला तर नाहीच. गोखल्यांची माफी हाही पुरावा त्यांच्याकडे साक्षीदार उभा करता न आल्याचा, एवढाच धरावा.

या पत्रव्यवहारात ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांचा आवाज क्वचित येतो. तो दुसरीकडे शोधावा लागतो: बोस्टनसाठी प्रांतिक काँग्रेसने घेतलेली प्रतिज्ञापत्रं, जमैकासाठी आयोगापुढच्या साक्षी, मुंबई इलाख्यासाठी देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे. हे गोषवारे सरकारी भाषांतरकाराने सरकारसाठी केलेले असतात, म्हणून जमेल तिथे मूळ मराठी अंक काढून ताडावेत.

कागद कुठे आणि सुरुवात कशी

अमेरिकन वसाहतींचा पत्रव्यवहार लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘सीओ ५’ (सीओ म्हणजे कलोनियल ऑफिस, वसाहत खातं) या मालिकेत आहे, जमैकाचा ‘सीओ १३७’ मध्ये. गेज यांचं स्वतःचं दप्तर मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहे; स्मिथना दिलेल्या हुकमासारखे कागद लंडनच्या नस्त्यांत शोधण्यापेक्षा तिथे शोधावेत. इंडिया ऑफिसचं दप्तर ब्रिटिश लायब्ररीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरून चाळता येतं. मुंबई सरकारच्या नस्त्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात. विसाव्या शतकातल्या चळवळींसाठी तिथे गृहखात्याच्या ‘स्पेशल’ शाखेच्या नस्त्या आधी मागाव्यात. १९४२ ते ४७ साठी ब्रिटिश सरकारने सत्तांतराच्या कागदपत्रांचे १२ खंड छापले आहेत.

सुरुवातीला सगळा उठाव घेऊ नका. दोन-तीन महिन्यांचा तुकडा घ्या, दोन्ही बाजूंची मिळून वीस-पंचवीस पत्रं. छापील खंडातून कोष्टक आखा, क्रमांकांतले खंड आणि न छापलेली सहपत्रं यांची यादी करा, आणि ती यादी घेऊनच अभिलेखागारात जा. मागणी चिठ्ठीवर नस्तीचा क्रमांक, खातं आणि साल पूर्ण लिहा. वाचताना प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर मसुदा, नक्कल, मूळ की छापील हे लगेच नोंदवा. चार महिन्यांनी लेख लिहायला बसल्यावर ते आठवत नाही, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून तर मुळीच ओळखू येत नाही. नस्तीच्या कोऱ्या पाठी आणि मुखपृष्ठाचेही फोटो काढा. पोचल्याची तारीख बहुधा तिथेच लिहिलेली असते.